चांदीच्या गावची माती

आयर्लंडमध्ये तुम्ही नक्की राहता कुठे, असं कोणी विचारलं तर गुरुनाथ गावाचं नाव सांगून गप्प बसणाऱ्यातला नव्हता. "नॉकारगिड," असं म्हणून तो जरा थांबायचा, मग आवाज खाली आणून सांगायचा, "चांदीचं गाव." पुढे समोरच्याची लवकर सुटका नसे. पाहुणा डून लेरीहून आलेला असो की स्लायगोहून, आधी गाव बघायचं आणि मग चहा. त्याची बायको कौमुदी पोहे झाकून ठेवायची आणि म्हणायची, झाली यांची चांदी सुरू.

गावही बोलण्याजोगं होतं म्हणा. टिपररीच्या डोंगराच्या कुशीत वसलेलं, आणि चढ-उतार असे पाहिलेलं की एखाद्या घराण्याने पाहावेत. कुण्या इंग्रज जमीनदाराला इथल्या ओढ्यात चमकणारा दगड सापडला, तिथून सुरुवात. मग कॉर्नवॉलहून खाणकामगार आले. त्यांनी दगडी घरांची रांग बांधली, टेकडीवर उंच धुराडं उभारलं, आणि चांदी हाताला लागेनाशी झाल्यावर धुराडं तसंच सोडून पोटामागे अमेरिकेला गेले. गाव शंभर वर्षं झोपलं. त्याला खरा ऊत आला तो मागच्या शतकाच्या साठीत, एक परदेशी कंपनी यंत्रं घेऊन उतरली तेव्हा. दिवसरात्र पाळ्या चालायला लागल्या. चिखल तुडवणाऱ्या पोरांच्या दारात मोटारी आल्या. गल्लीला एक पब, सिनेमाचं थिएटर, बँकेची शाखा, बायकांच्या केसांना आकार देणारी दोन दुकानं. पंचक्रोशीतल्या आया मुलींना सांगत, लग्न करायचं तर खाणीतला बघ. चार दिवस सासूचे म्हणतात तसं झालं. धातूचे भाव पडले, कंपनीने यंत्रं बोटीत घातली, थिएटरला कुलूप लागलं, आणि पोरं लंडनला विटा वाहायला गेली. आता एक पब उरला आहे, तोही शुक्रवार-शनिवार. दुकान एकच, त्यातच टपाल.

म्हणून तर इथलं घर गुरुनाथच्या आवाक्यात आलं. डब्लिनला तेवढ्या पैशात गॅरेज मिळालं नसतं. औषधाच्या कारखान्यातली त्याची नोकरी मोटारीने जवळ. तिथे तो प्रयोगशाळेचा प्रमुख होता. तयार गोळ्यांमध्ये शिसं, पारा असल्या धातूंचा अंश तर नाही ना, हे बघायचं त्याचं काम. त्याची सही झाल्याशिवाय एक डबा बाहेर जात नसे, आणि सहीच्या बाबतीत तो इतका खडूस होता की हाताखालची पोरं त्याला मागून 'युअर मॅन द पोलीस', म्हणजे 'आपला तो पोलीस', म्हणायची.

गाव दाखवताना त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. धुराड्यापाशी उभं राहून, मुलांना जवळ बोलावून तो सांगायचा, "इथली चांदी सुटी सापडत नाही बरं का. ती शिशाच्या पोटात असते. मण मण शिसं उकरावं तेव्हा चिमूटभर चांदी." आणि मग गाईंची गोष्ट. खाण बंद पडल्यावर तिच्या गाळाचं तळं उन्हाळ्यात वाळलं, करडी धूळ उडून कुरणावर बसली आणि गाई मरायला लागल्या. आवराआवरीला मागे राहिलेल्या मॅनेजरला कारण ठाऊक होतं. तरी तो अख्खा हंगाम शेतकऱ्यांना सांगत राहिला, यंदा गवतच वाईट आहे. इथे आल्यावर गुरुनाथचा चेहरा लाल व्हायचा. "शिकलेला माणूस. नोकरी जाईल म्हणून तोंड शिवून बसला. याला माणूस म्हणायचं का?" पाहुणे माना हलवायचे. पुढे सरकारने त्या तळ्यावर जाड मातीचा थर घातला, वर गवत लावलं, कुंपण घातलं. गुरुनाथच्या लेखी तो विषय तिथे संपला. इतिहास झाला, आणि इतिहास फक्त सांगायचा असतो.

यंदा त्याला मराठी मंडळाचा अध्यक्ष केलं. मंडळ म्हणजे आसपासच्या गावांत पसरलेली काही कुटुंबं. कोणी सॉफ्टवेअरमधले, कोणी वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यातले. गणपती पोर्टलीशच्या भाड्याच्या हॉलमध्ये बसायचा. मागच्या वर्षी मूर्ती कुरियरने मागवली तर सोंड तुटून आली, आणि खजिनदार उपेंद्रने ती डिंकाने चिकटवली ती जरा वाकडीच. तेव्हापासून गुरुनाथच्या डोक्यात होतं, की मूर्ती आपण करायच्या. घरोघरच्या छोट्या, मुलांच्या हातच्या, मातीच्या. शाडू इथे कुठून आणणार? पण त्याच्या परसामागून वाहणाऱ्या ओढ्याच्या काठी करड्या गाळाचा थर होता. बोटांत घेतला तर लोण्यासारखा, खड्याचं नाव नाही, आणि उन्हात धरला तर बारीक चमक. गुरुनाथ हरखून गेला. चांदीच्या गावच्या मातीचा बाप्पा! बादल्या भरभरून त्याने गाळ आणला, कौमुदीच्या पुरणाच्या चाळणीतून चाळला. शेजारची नोरीन म्हातारी, जिचा नवरा खाणीत होता, कुंपणापाशी येऊन उभी राहिली. हे काय चाललंय म्हणून तिने विचारलं. तो म्हणाला, आमच्या देवासाठी माती, आणि पुन्हा खाली वाकला. ती थोडा वेळ थांबली आणि आत गेली. देवाचं म्हटल्यावर परक्याने मध्ये बोलावं कसं, असं तिला वाटलं असणार.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी त्याच्या अंगणात मुलांचा नुसता धुडगूस चालला होता. मुलं कोपरापर्यंत करडी झाली, त्याच हातांनी त्यांनी शंकरपाळे खाल्ले, नाकं पुसली. संकेत आणि रेवती आले होते. रेवतीला सातवा महिना. बाळंतपणासाठी संकेतची आई शोभनाबाई वाशीमहून आली होती. तिने मुलांना मातीचे उंदीर करून दिले आणि पोरांनी तिला घेरलंच. गुरुनाथने सगळ्यांना बजावलं, की विसर्जन घरीच बादलीत करा आणि ती माती कुंडीत घाला, कोथिंबिरीला, मेथीला. वाया काही जाता कामा नये. उरलेले गोळे त्याने प्रसादासारखे वाटले. जाताना एका मुलाने विचारलं, "अंकल, इज देअर रिअल सिल्वर इन इट?"

"म्हणजे काय! आहेच," असं गुरुनाथ म्हणाला खरा, पण त्याला आकडा हवा होता. उद्घाटनाच्या भाषणात सांगायला. आमच्या बाप्पात इतकी इतकी चांदी आहे हो, असं म्हटल्यावर टाळ्या ठरलेल्या. एवढ्याचसाठी, दोन-तीन दिवसांनी, जेवणाच्या सुट्टीत सगळे कँटीनला गेले असताना त्याने चिमूटभर माती आम्लात विरघळवून कारखान्याच्या धातू मोजणाऱ्या यंत्राला दिली. खासगी वस्तू त्या यंत्रावर चढवायची नाही, हा नियम त्याचाच.

चांदी होती, अगदी नावापुरती. शिशाचा आकडा मात्र इतका मोठा की यंत्राला दाखवता येईना. त्याने द्रावण पातळ केलं. तरी येईना. आणखी पातळ केलं, मग आकडा आला, आणि तो बघून गुरुनाथला आधी वाटलं यंत्रच बिघडलं. यंत्र बिघडलेलं नव्हतं. गोळीतला शिशाचा कण शोधण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याने स्वतःच्या हाताने शिशाच्या चिखलाचे गोळे करून लेकरांच्या हातात दिले होते. शिशाच्या पोटात चांदी असते, हे वाक्य तर त्याचंच. ते आठवून त्याच्या कानशिलांत ऊन चढलं. कोणी पाहत नव्हतं तरी त्याने मान खाली घातली. मग यंत्र धुतलं, आकडे पुसून टाकले आणि जेवायला गेला. जेवण गेलं नाही.

घरी येताना नोरीन दारात फुलझाडं लावत होती. तिच्या अंगणात लाकडी चौकटी होत्या, त्यात दुकानातून पिशव्यांनी आणलेली माती. सगळ्या गावातच तशा चौकटी होत्या. यांना मेली मातीसुद्धा विकत लागते, म्हणून गुरुनाथ आजवर हसत आला होता. त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, ओढ्याकडची माती कशी आहे? नोरीन म्हणाली, ती तर कोणीच वापरत नाही, वरच्या खाणीचा गाळ त्यातूनच वाहून येतो ना. मग जरा ओशाळून म्हणाली, तू खाणीबद्दल आम्हालाच एवढं सांगतोस, आम्हाला वाटलं तुला माहीत असणार. दिव्याखालचा अंधार कोणी दाखवला की माणूस दाखवणाऱ्यावरच चिडतो. गुरुनाथ तिच्यावर मनातल्या मनात चिडला आणि घरात गेला.

कौमुदीला त्याने सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आत्ताच्या आत्ता ग्रुपवर टाक." तो म्हणाला, टाकतो. मग म्हणाला, जरा विचार करू दे. कंपनीला कळलं की मी यंत्रावर चिखल चढवला, तर नोकरी जाईल. गावाचं नाव पुन्हा खराब झालं तर घर कोण घेईल? मंडळात तोंड कसं दाखवू? एका दुपारच्या मातीने काय होतंय, मुलांनी हात धुतलेच होते. हे शेवटचं तो म्हणाला तेव्हा कौमुदीने त्याच्याकडे पाहिलं. हात कोणी धुतले नव्हते, हे दोघांना ठाऊक होतं. तरी तिने वाद घातला नाही. घराचं कर्ज तिच्याही नावावर होतं. ती उठली आणि पुरणाची चाळण कचऱ्याच्या डब्यात टाकून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एक गोष्ट केली. गुरुनाथला पुढे जिची सगळ्यात जास्त लाज वाटली, ती हीच. मुक्ताला, म्हणजे त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीला, शाळेऐवजी डॉक्टरकडे नेऊन तिचं रक्त तपासायला दिलं. फक्त आपल्या मुलीचं. बाकीची मुलं त्या सकाळी आपापल्या शाळांत होती आणि त्यांच्या आयांना कशाचाच पत्ता नव्हता.

पण माती तर लोकांच्या घरात होती, ती बाहेर काढायला हवी होती. बादलीतलं विसर्जन थांबवायला हवं होतं, नाहीतर मेथी-कोथिंबिरीतून पुन्हा पोटात जाणार. खरं न सांगता हे कसं करावं, यावर गुरुनाथने डोकं चालवलं. आणि हुशार माणसाचं डोकं वाईट कामाला फार चांगलं चालतं. त्याने ग्रुपवर लिहिलं:

'नमस्कार मंडळी. आपल्या बाप्पाच्या मातीत चांदीचा अंश असल्याचं प्रयोगशाळेतल्या तपासणीत दिसलं आहे. माती विशेष पवित्र असल्याने मूर्तीचं विसर्जन घरी करू नये, माती कुंडीत टाकू नये. सोवळं म्हणून मूर्तीला लहान मुलांनी हात लावू नये. सर्व मूर्ती आणि उरलेली माती हॉलमध्ये आणावी, आपण एकत्र विसर्जन करू.'

त्यातला एकही शब्द खोटा म्हणता आला नसता, असं त्याने स्वतःला बजावलं. पवित्र हा शब्द सोडून. ग्रुपवर जोडलेल्या हातांची आणि फुलांची रांग लागली. उपेंद्रने लिहिलं, दादा, तुम्ही आहात म्हणून हे सगळं आहे. संकेतने लिहिलं, आईला वाचून दाखवलं, ती फार खूश झाली. गुरुनाथला हायसं वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत त्याने फोन पालथा ठेवला. मुक्ताचा अहवाल आला, तो काळजी करण्यासारखा नव्हता. मग तर त्याने मनाशी हिशेबच मिटवला. हिचं ठीक म्हणजे सगळ्यांचं ठीक. रेवतीचं पोट तेवढं डोळ्यांपुढे यायचं. पोटातल्या बाळाला शिसं कसं बाधतं हे त्याला पाठ होतं. पण तिने काय, बसल्या बसल्या एक मूर्ती केली होती, असं म्हणून तो कूस बदलायचा.

त्या दिवसांत एक पाहुणा आला होता आणि गाव बघू म्हणाला. धुराड्यापर्यंत गुरुनाथ गेला. गाईंच्या गोष्टीपाशी त्याची जीभ अडली. आज पाऊस येईलसं वाटतंय, म्हणून त्याने पाहुण्याला माघारी आणलं. आभाळ तर निरभ्र होतं.

गणपती बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी पोर्टलीशच्या हॉलमध्ये सगळे जमले, नऊवाऱ्या, फेटे, मोदकांचे डबे. गुरुनाथने दाराशी झाकणाची दोन मोठी प्लास्टिकची पिंपं ठेवली होती. एकेक कुटुंब मूर्ती आणून देई, तो हात जोडून ती घेई आणि पिंपात ठेवी. हातमोजे घातले होते त्याने. लोकांना वाटलं, काय सोवळं पाळतो हा माणूस. शेवटची मूर्ती आली की झाकण लावायचं, रात्री पिंपं गाडीत घालायची आणि विषारी कचरा घेणाऱ्यांच्या हवाली करायची. मग सुटलो. कौमुदी आरतीचं तबक लावत होती, आणि सकाळपासून ती त्याच्याशी बोलली नव्हती.

सगळ्यात शेवटी शोभनाबाई आल्या. मूर्ती पिंपात ठेवून झाल्यावर त्यांनी त्याला बाजूला बोलावलं, जिन्यापाशी. पिशवीतून स्टीलची छोटी डबी काढली. डबी रिकामी होती, तळाला करडी पूड चिकटलेली.

"भाऊ, तुमाले एक मांगू का? तुमच्या मातीतली आनखी थोडीशी द्या मले. थे सगळी आनून द्या म्हनलं होतं, पन मी उलीशीक ठेवली होती. ते सरली."

कशाला हवी, असं गुरुनाथने विचारलं. 

"सूनबाईले देत होती ना रोज, चिमूटभर, दुधात. आमच्याकडं सोनं उगाळून देतेत लेकराले. चांदीबी चांगली असते म्हनतेत, हाडाले. आता बाळ झाल्यावर त्याच्या गुटीत उगाळाले पायजे, म्हून मांगून रायली."

हे त्या अशा आनंदाने सांगत होत्या, की ऐकणाऱ्याला वाटावं एखादी घरची पाककृती सांगताहेत.  कधीपासून देता, हे गुरुनाथने विचारलं. तुमचं लिहिलेलं संकेतने वाचून दाखवलं तवापासून, त्या म्हणाल्या. त्याच्या आधी ती नुसती माती होती.

आता देऊ नका, एवढंच त्याच्या तोंडून आलं. का, असं त्यांनी विचारलं. आणि इथेही, सांगायला लाज वाटते, त्याच्या मनात आधी एक पळवाट आली. भटजींनी सांगितलंय म्हणावं, सोयर-सुतकाचं काही काढावं. म्हातारीने ऐकलं असतं. पिंपांवर झाकणं लागली असती. पण पोटातलं बाळ तसंच राहिलं असतं, आणि कोणत्याही डॉक्टरला कधी कळलं नसतं की काय शोधायचं. पळवाट ओठापर्यंत येऊन थांबली. त्याने हाक मारून संकेत आणि रेवतीला जिन्यापाशी बोलावलं.

मातीत शिसं आहे, तो म्हणाला. पुष्कळ आहे. रेवतीला आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला न्या, आणि काय पोटात गेलंय ते तिथे स्पष्ट सांगा. आणि पुढे, कोणी विचारलं नसताना, जिभेच्या सवयीनेच म्हणाला, "मला परवाच कळलं."

संकेतला आधी उमगेना. पोटात कुठून जाईल? मग त्याची नजर आईच्या हातातल्या डबीवर गेली. रेवती म्हणाली, आई दुधात घालून देत होत्या, मला वाटलं सुंठ आहे. तेव्हा तो मुलगा, एरवी आईला अगं-तुगंही हळू आवाजात करणारा, असा ओरडला की हॉलमधली माणसं दाराकडे वळली.

"तुला कोणी सांगितले होते हे उद्योग? विचारायचं तरी एकदा! खेडवळपणा इथे तरी सोड ना!"

शोभनाबाई डबीसकट मटकन पायरीवर बसल्या. पदर तोंडावर घेतला. लेकाकडे न बघता, रेवतीकडे न बघता, त्या गुरुनाथला म्हणाल्या, "भाऊ, चुकलं माहं. तुमी चांगल्यासाठी लिहलं, मी आडानी, मले समजलं नाही. मीच जहर पाजलं पोरीले." आणि त्यांनी त्याच्यापुढे हात जोडले.

गुरुनाथने ते जोडलेले हात पाहिले. मागे हॉलमध्ये मुलं टाळ वाजवून बघत होती. त्याला इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती, आणि ती सगळी त्या बाईच्या अंगावर जाऊन पडली होती. गप्प राहिलं तर ती तिथेच राहणार होती, जन्मभर. लेक तिला कधी विसरू देणार नव्हता.

"शोभनाबाई, हात खाली करा," तो म्हणाला. "संकेत, आईंची चूक नाही. 'परवाच कळलं' म्हणालो ते खोटं आहे. तो मेसेज लिहिला त्याच्या आदल्या दिवशी मला कळलं होतं. शिसं आहे हे माहीत होतं म्हणूनच लिहिला. पवित्र वगैरे मी मनाने घातलं. खरं सांगायची लाज वाटली म्हणून." मग त्याने उरलेलंही सांगितलं. "मुक्ताचं रक्त तेव्हाच तपासून घेतलंय आम्ही."

संकेतच्या मुठी वळल्या, पण त्याने हात उचलला नाही. रेवती खाली बसली, मोठ्या कष्टाने, सासूच्या शेजारी पायरीवर. तिने शोभनाबाईंच्या हातातून डबी काढून घेतली, झाकण लावलं. मग मान वर करून तिने गुरुनाथकडे पाहिलं. तिचा आवाज चढला नव्हता.

"दादा, खरं लिहायलाही तेवढाच वेळ लागला असता ना?"

 संकेतने दोघींना उठवलं. एका हाताने बायकोला आणि, क्षणभर घुटमळून, दुसऱ्या हाताने आईला धरलं. गाडी निघून गेली.

आतून उपेंद्रने हाक मारली, अध्यक्षसाहेब, आरतीला उशीर होतोय. गुरुनाथ आत गेला. कौमुदीने तबक उचलून त्याच्यापुढे धरलं होतं, निरांजन पेटलेलं. त्याच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर तिने ते पुन्हा खाली ठेवलं आणि टाळ्यांच्या तयारीत उभ्या असलेल्या मुलांना म्हणाली, थांबा जरा. तो माइकपाशी गेला. त्याने पहिल्यापासून सांगितलं, तारखांसकट, काही न गाळता.   एक एक आई आपल्या पोराला जवळ ओढून त्याचे तळहात उलटे-सुलटे करून बघू लागली.